पार्श्वभूमी : गुणवंत म्हणजे कोण?

गोव्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने वर्तमानपत्रांत एकाच साच्यातली निवेदने येत राहतात. ज्ञातिसंस्था, देवस्थान, पतसंस्था, क्रीडामंडळ, पंचायत, कोणीही असो, मजकूर तोच: गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. अर्जासोबत गुणपत्रिकेची प्रत जोडायची, टक्केवारी ठरलेल्या आकड्याच्या वर असली की नाव यादीत. मग रविवारी सकाळी देवळाच्या सभागृहात प्रशस्तिपत्र, गुलाबाचे फूल, पाकीट, आणि अध्यक्षांचे भाषण लांबल्यामुळे थंड झालेला बटाटवडा.

या सोहळ्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण असामान्य बुद्धीच्या मुलांना शिकवायचे कसे आणि सांभाळायचे कसे, हा विषय गोव्यात निघाला की गाडी इथेच अडते, आणि ती अडवणारा शब्द 'गुणवंत' हा आहे. मराठीत 'गुण' म्हणजे अंगचा गुण आणि 'गुण' म्हणजे पेपरात मिळालेला गुण. पूर्वी गुणवंत माणूस म्हणजे अंगी काही असलेला माणूस. परीक्षा आल्या, गुणपत्रिका आल्या आणि दुसऱ्या अर्थाने पहिल्याला गिळले. आज गुणवंत म्हणजे नव्वद टक्के. ज्याच्या अंगात आहे पण कागदावर उतरलेले नाही, त्याच्यासाठी शब्दच उरला नाही.

दुसरे शब्द आहेत, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. 'प्रज्ञावंत' म्हटले की प्रज्ञाशोध परीक्षा आठवते, म्हणजे पुन्हा परीक्षाच. 'प्रतिभा' आपण कवींसाठी राखून ठेवली आहे. नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा म्हणजे प्रतिभा, ही काव्यशास्त्रातली जुनी व्याख्या खरे तर या मुलांना चपखल बसते, पण शाळेच्या दाखल्यावर ती कोण लिहिणार? 'हुशार' इतका स्वस्त झाला आहे की वर्गातली निम्मी मुले हुशार असतात. 'विशेष मूल' हा शब्द दिव्यांग मुलांसाठी रूढ झाला आहे. आणि घरात, जिथे मराठी वाचणारेही बोलतात कोंकणी, तिथे सातव्या वर्षी 'देव सगळीकडे आहे तर देवळाला कुलूप कशाला?' असे विचारणाऱ्या पोराला उत्तर मिळते ते 'चड शाणपण नाका!' (फार शहाणपणा नको!) असे.

शब्दाचा हा घोळ नुसता भाषेचा नाही. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी योजना निघत नाही. गोव्यात गेल्या साठ वर्षांत जे काही उभे राहिले ते जवळजवळ सगळे निवडीसाठी आहे: परीक्षा, शिष्यवृत्ती, यादी, सत्कार. निवड झाल्यावर त्या मुलाचे काय करायचे, हा भाग कोरा आहे.

पोर्तुगीज काळाबद्दल इथे फार सांगण्यासारखे नाही. देवळाच्या चौकात बसणारी मराठी शाळा, 'सेगुंद ग्राव' म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे पोर्तुगीज शिक्षण, ज्यांना झेपेल त्यांना लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा. आणि डोके चालणाऱ्या मुलाला मामाकडे मुंबईला किंवा बेळगावला पाठवणे हीच काय ती विशेष योजना. त्या पिढीतले वृद्ध 'मला मास्तरांनी एका वर्षात दोन इयत्ता पुढे काढले' असे सहज सांगतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

बुद्धी मोजण्याची गोष्ट मात्र गोव्याच्या अगदी उंबऱ्याशी येऊन पोचली होती. पॅरिसमध्ये १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार झाली, ती मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी. तिचेच एक भारतीय रूप १९३० च्या दशकात धारवाडला घडवले गेले, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवर पारखून. मानसिक वय भागिले खरे वय, गुणिले शंभर, हा बुद्ध्यंकाचा हिशेब आपल्याकडे रुळवण्यात त्या चाचणीचा मोठा वाटा आहे आणि ती आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. दरम्यान कॅलिफोर्नियात १९२१ पासून दीड हजारांवर तीव्र बुद्धीच्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू झाला होता. पुढे नोबेल मिळवणारी दोन मुले त्याच्या चाळणीतून खाली पडली, ही त्यातली बोधप्रद गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच सुमारास वेगळे काही पाहिले: बुद्धी फारच तीव्र असली की मूल एकटे पडते, बरोबरीच्यांत रमत नाही आणि मोठे त्याला आपल्यात घेत नाहीत. मनाच्या बाजूचा विचार तिथून सुरू झाला. १९९१ मध्ये त्याला नेमकी मांडणी मिळाली, ती अशी की या मुलांची वाढ सम नसते: बुद्धी बारा वर्षांची, हात सात वर्षांचे आणि रडणे पाच वर्षांचे, हे सगळे एकाच देहात.

हे वाचताना मला ओळखीतला एक मुलगा आठवतो. दुसरीत होता. वहीतली गणिते सगळ्यांच्या आधी संपवायचा आणि मग बाईंच्या हुकमावरून हात बांधून, तोंडावर बोट ठेवून बसायचा. पालकसभेत शेरा मिळाला: चंचल आहे, लक्ष नाही. त्याच वर्षी शेजारच्या भाटात (बागायतीत) प्लॉट पाडताना जेसीबीने एक जुनी रोयण, म्हणजे वारूळ, सपाट केली. दोन दिवस तो नीट जेवला नाही. आत किती मुंग्या असतील याचा हिशेब त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडला होता, लांबी, रुंदी, उंची घेऊन. वडील म्हणाले, 'इतका हुशार मुलगा, आणि रडतो कशाला?'

सरकारी पातळीवर देशाने पहिले पाऊल टाकले ते १९६३ मध्ये, विज्ञान प्रज्ञाशोधाने. सत्तरच्या दशकात तीच योजना सर्व विषयांसाठी खुली झाली. २०२१ नंतर ती स्थगित झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने मोठी झेप घेतली. विशेष बुद्धी असलेल्या मुलांना, फी परवडो वा न परवडो, जलद गतीने पुढे जाता यावे म्हणून निवासी नवोदय विद्यालये काढली. गोव्याच्या वाट्याला दोन आली, सत्तरीत वाळपईला आणि दक्षिणेत काणकोणला. तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना, एकतृतीयांश मुलींना. पाचवीत असताना एकदाच देता येणारी दोन तासांची परीक्षा; शंभरपैकी पन्नास गुण मानसिक क्षमतेचे, पंचवीस अंकगणिताचे, पंचवीस भाषेचे. वाड्यावरच्या मुलांना या विद्यालयांनी जे दिले ते कोणी नाकारू नये. पण धोरणातली 'जलद गती' वाटेत हरवली. आत गेलेले मूल सातवी शाळेच्या सातव्याच वर्षी शिकते.

त्याच काळात गोव्यात मात्र शिक्षणाची सगळी चर्चा माध्यमाभोवती फिरत होती. १९९० मध्ये प्राथमिक अनुदान मातृभाषेतल्या शाळांपुरते, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले. मूल कोणत्या भाषेत शिकावे यावर रस्ते अडले. एखादे मूल वर्गात कंटाळून गेले आहे, याकडे पाहायला कोणाला फुरसत नव्हती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळची चाचणी बंद केली आणि शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवण्याची तरतूद केली. दोन्ही गोष्टी योग्यच. पण कायद्याच्या डोळ्यांसमोर मागे पडलेले मूल होते. पुढे धावणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात बसवू नका असे त्यात कुठे म्हटलेले नाही, तरी मुख्याध्यापकाच्या टेबलावर वय आणि इयत्ता यांची गाठ घट्ट होत गेली. म्हाताऱ्या मास्तरांची 'दोन इयत्ता एका वर्षात' आता होत नाही.

गंमत अशी की याच गोव्यात संध्याकाळी वेगळाच नियम चालतो. तबल्याच्या वर्गाला आठ वर्षांचा मुलगा पंचविशीतल्यांच्या रांगेत बसतो. हात तयार असेल तर गुरुजी पुढचा कायदा (तबल्यातली रचना) देतात, जन्मतारीख विचारत नाहीत. भजनी मंडळात आजोबांच्या शेजारी नातू झांज धरतो आणि चुकला तर दोघांनाही सारखाच डोळा मिळतो. गळ्याच्या आणि हाताच्या बाबतीत आपल्याला हे कधी विचित्र वाटले नाही.

२०२० च्या धोरणात विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र भाग आहे: विषयवार मंडळे, प्रकल्प, आणि बीएडमध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास. गोव्यात २०२१ पासून सहावी ते आठवीत कोडिंग आणि रोबोटिक्स आले. ते सगळ्यांसाठी आहे, आणि यंत्रात रमणाऱ्या मुलाला त्याचा फायदाही होईल. रोयणीसाठी रडणाऱ्याला कितपत होईल, हे सांगता येत नाही. हायस्कुलांत समुपदेशक आले, पण त्यांच्या दारी मूल पोचते ते भांडण झाल्यावर, गैरहजेरी वाढल्यावर किंवा नापास झाल्यावर. लेखन-वाचनाची अडचण असलेल्या मुलाची चाचणी होते, त्याला जादा वेळ मिळतो. बुद्धीने अडचण झाकून नेणारे मूल मात्र सरासरी गुण आणते, म्हणून ना त्या यादीत ना सत्काराच्या.

तो मुलगा आता सातवीत आहे. गुण साठ-पासष्टच्या आसपास. अलीकडे प्रश्न विचारायचा थांबला आहे, म्हणून बाई खूश आहेत.