पंपिंग की दिष्टीकरण? क्वांटम डॉटमधील एक जुना गोंधळ

क्वांटम डॉट म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारा अर्धवाहकातला सूक्ष्म ठिपका, आणि गेट म्हणजे त्याच्यावर ताबा ठेवणारे इलेक्ट्रोड. अशा डॉटच्या दोन गेटना प्रत्यावर्ती (एसी) व्होल्टेज दिले, दोन्ही टोकांमधले दिष्ट (डीसी) व्होल्टेज शून्यावर ठेवले आणि तरीही दिष्ट प्रवाह मिळाला, की 'पंपिंग झाले' असे लिहून मोकळे होणारे अजूनही पुष्कळ आहेत. दिष्टीकरण, म्हणजेच रेक्टिफिकेशन, म्हणजे प्रत्यावर्ती व्होल्टेजमधून दिष्ट प्रवाह निघणे. डायोड हेच करतो. पंपिंगमध्ये मात्र गेटची व्होल्टेजे चक्राकार बदलून दर आवर्तनाला थोडा विद्युतभार एका टोकाकडून दुसऱ्याकडे नेला जातो. हे बदल सावकाश असलेल्या, म्हणजे अ‍ॅडियाबॅटिक, पंपिंगबद्दल भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉवर यांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन गेटची व्होल्टेजे मिळून एका आवर्तनात जे बंद वळण काढतात, त्याने वेढलेल्या भागावरून पलीकडे जाणारा विद्युतभार ठरतो. व्होल्टेजांचे आयाम, म्हणजे डोलण्याचे आकार, लहान असतील तर प्रवाह वारंवारतेच्या आणि दोन गेटमधील कलांतराच्या (एक दुसऱ्याच्या किती मागे डोलते त्याच्या) साइनच्या प्रमाणात येतो.

फसगत होते ती इथे. लावलेले दिष्ट व्होल्टेज शून्य असणे आणि डॉटवरचे व्होल्टेज प्रत्येक क्षणी शून्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेट आणि टोक यांच्यामध्ये नको असलेली थोडी धारिता (कपॅसिटन्स) असतेच. तिच्यातून पहिल्या गेटचे व्होल्टेज टोकाकडे झिरपते, पण ते विस्थापन प्रवाहाच्या रूपाने, म्हणजे मूळ व्होल्टेजच्या बदलाच्या दराने. गेटवर साइन असेल तर डॉटवर कोसाइन येतो आणि त्याचा आकार वारंवारतेबरोबर वाढतो. त्याच वेळी गेटमुळे डॉटची वाहकताही डोलत असते. पहिल्या गेटने घडवलेला वाहकतेतील बदल साइनसारखा असल्यामुळे कोसाइनशी गुणून त्याची सरासरी शून्य येते. दुसऱ्या गेटचा बदल मात्र कलांतराने सरकलेला असतो आणि त्याची सरासरी नेमकी कलांतराच्या साइनच्या प्रमाणात उरते. म्हणजे वारंवारतेशी सरळ प्रमाण आणि कलांतराची साइन ही पंपाची म्हणून मिरवली जाणारी दोन्ही लक्षणे साध्या दिष्टीकरणातूनही मिळतात! आलेखावर साइनचा वक्र बसवून त्यालाच पुरावा म्हणणे मला मुळीच पटत नाही.

चुंबकीय क्षेत्र उलटवून पाहणे ही त्याहून कितीतरी चांगली कसोटी आहे. दोन टोकांच्या डॉटची वाहकता क्षेत्राची दिशा बदलली तरी तीच राहते, त्यामुळे दिष्टीकरणाचा प्रवाहही तसाच राहतो. पंपाच्या प्रवाहावर आकारात कोणतीही सममिती नसलेल्या डॉटमध्ये असे कोणतेही बंधन नाही. स्विट्केस आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील पंपिंगच्या गाजलेल्या प्रयोगात मोजलेला संकेत क्षेत्र उलटवल्यावरही तसाच राहिला होता, आणि २००१ मध्ये ब्रॉवर यांनीच त्यामागे विस्थापन प्रवाहांचे दिष्टीकरण असू शकते हे मांडले.

जवळजवळ बंद, म्हणजे टोकांशी अगदी क्षीण जोडलेल्या, डॉटमध्ये हा घोळ फारसा होत नाही. तिथे दर आवर्तनाला एकच इलेक्ट्रॉन पुढे ढकलला जातो, १ गिगाहर्ट्झला सुमारे १६० पिकोअँपिअर प्रवाह मिळतो आणि गेटचा आयाम थोडाफार बदलला तरी तो त्याच पायरीवर टिकून राहतो.