क्लच पोझिशन सेन्सर (बिघाड आणि दुरुस्ती)

क्लच पोझिशन सेन्सर म्हणजे क्लचचं पेडल वर आहे, दाबलंय की अधेमधे आहे हे ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, कळवणारा छोटासा पार्ट. साध्या गाड्यांत तो नुसता ऑन-ऑफ स्विच असतो, पेडलच्या ब्रॅकेटला बसवलेला, म्हणून बेळगावकडचे फिटर सरळ क्लच स्विचच म्हणतात. बऱ्याच नव्या गाड्यांत मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर क्लचचं ऑइल ढकलणारा पंप) हॉल इफेक्टचा सेन्सर येतो, आतल्या पिस्टनवरचं मॅग्नेट सरकलं की सिग्नल बदलतो.

बिघडला की काय होतं? क्लच पूर्ण दाबून चावी मारली तरी स्टार्टर गप्प, क्रूझ कंट्रोल लागत नाही, ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद पडतं, कधीकधी गिअर बदलताना आरपीएम उगाच वर राहतो. चोर्ला घाट चढून आल्यावर जळका वास आला आणि गाडी ओढंना झाली तर ती क्लच प्लेट, त्याचा सेन्सरशी काही संबंध नाही, ही गल्लत लई होते. चावी मारल्यावर टकटक आवाज येऊन लाईट मंद झाले तर आधी बॅटरी बघायची. लाईट झगझगीत आणि आवाजच नाही, मग स्विचवर संशय घ्यायचा.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर स्विचसाठी पी०७०४ किंवा पी०८३०, सेन्सरसाठी पी०८०५ ते पी०८०९ यातला कोड दिसतो. कोड आला की गॅरेजमध्ये लगेच "सेन्सर होगैत्री" (कन्नडमध्ये, सेन्सर गेलाय) म्हणून नवा मागवतात. पण कोड सर्किटचा असतो, सेन्सर मेलाच असं तो सांगत नाही.

आधी मॅट उचलून बघायचं. पेडलच्या दांड्याला भोकात बसवलेला रबराचा नाहीतर प्लॅस्टिकचा स्टॉपर असतो, तोच स्विचची पिन दाबतो, आणि उन्हानं, वयानं त्याचा भुगा होतो. मॅटखाली त्याचे तुकडे सापडले तर काम झालंच समजा, पिन भोकातून आरपार जाते आणि ईसीयूला वाटतं पाय कायम क्लचवरच आहे. माझ्या गाडीचा नवा स्विच घालून दोन दिवसांत परत तेच, शेवटी स्टॉपर बदलला नि जुना स्विच लावला तरी चालला! तात्पुरतं भोकात नट-बोल्ट घट्ट बसवतात, ते चालतंय. आणि जाड डबल मॅटमुळं पेडल तळाला टेकतच नसेल तर तेही बघा.

मग कनेक्टर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसात काचेखालच्या जाळीतली भोकं पानांनी तुंबतात, पाणी आत पायाशी उतरतं आणि पिनांवर हिरवट गंज धरतो. अथणीकडं पाऊस कमी, तिकडं धूळ. वायर कुरतडणारे उंदीर मात्र सगळीकडं. फ्यूज बघा, पिना साफ करा, वायर हलवत स्कॅनरचा लाइव्ह डेटा बघा, पेडल दाबल्यावर वाचन बदलायला पाहिजे. तीन वायरच्या सेन्सरला बहुतेक ५ व्होल्टचा सप्लाय असतो, तो आणि अर्थिंगची वायर नीट असून सिग्नल जागचा हलत नसेल तरच सेन्सर गेला म्हणायचं. मास्टर सिलिंडर गळत असेल तर नुसता सेन्सर बदलून उपयोग नाही, ऑइल परत त्यात उतरणार.

बदलणं सोपं, क्लिप नाहीतर एखाद-दुसरा बोल्ट. बाहेरून बसणारा असेल तर क्लचच्या ऑइलमधली एअर काढायची गरज नसते, सिलिंडरसकट बदलला तर काढावीच लागते. एएमटी गाडीत (पेडल नसतं, क्लच मशीनच दाबतं) मात्र स्कॅनरनं क्लच लर्निंग करावं लागतं, म्हणजे क्लच कुठं पकडतो हे कॉम्प्युटरला परत शिकवावं लागतं, नाहीतर गाडी झटके मारते.

वायर जोडून स्विच बायपास करणं हा जुगाड सर्रास चालतो, पण गिअरमध्ये चावी मारली की गाडी उडी मारते, पुढं कोण उभा असेल तर गेलाच. जुनी गाडी घेताना न्यूट्रल, हँडब्रेक ओढून, क्लच न दाबता चावी मारून बघा. त्या मॉडेलला क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाही अशी सोय असून गाडी सुरू झाली, तर पेडलवरती टॉर्च मारा, टेपनं गुंडाळलेला जोड दिसेल.