आर्म सर्व्हरवर इंटेलसाठी बनवलेलं बॅकअप सॉफ्टवेअर: काय जमतं, काय नाही

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

अ‍ॅमेझॉनचा ग्रॅव्हिटॉन हा आर्म जातीचा सर्व्हर प्रोसेसर २०१८ साली आला, मागोमाग अँपियर कंपनीचा ८० कोअरचा आल्ट्रा. अशा सर्व्हरचं भाडं परवडतं म्हणून आपल्यापैकी काहींनी फाइल सर्व्हर आर्म प्रोसेसरवर हलवला. तिथे आधीच पैसे भरून घेतलेलं बॅकअप सॉफ्टवेअर चालवायला गेलं, की स्क्रीनवर एकच ओळ येते: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ते इंटेल-एएमडीसाठी बनवलेलं असतं आणि आर्मला त्यातलं अक्षरही कळत नाही.

आम्हाला बोलवण्याआधी एक पाहा: त्याच सॉफ्टवेअरची आर्म आवृत्ती निघाली आहे का? किंवा बदलायची तयारी आहे का? रेस्टिक आणि बोर्ग ही दोन्ही बॅकअप सॉफ्टवेअर आर्मवर थेट चालतात. तसं जमत असेल तर पुढचं वाचू नका. आमचं बिल बुडेल, पण तुमची डोकेदुखी वाचेल.

नाहीच जमलं तर मध्ये दुभाष्या बसवावा लागतो. आम्ही क्यूईएमयू वापरतो; हा प्रोग्राम इंटेलच्या सूचनांचं चालता चालता आर्मच्या भाषेत भाषांतर करतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) ‘बिनएफएमटी-मिस्क’ नावाची सोय आहे. फाइलच्या सुरुवातीचे बाइट पाहून ती इंटेलची फाइल ओळखते आणि परस्पर क्यूईएमयूच्या हवाली करते. तुमची रोजची कमांड तीच राहते.

वेग मात्र पडतो. डिस्क वाचणं आणि नेटवर्कवर पाठवणं कर्नल स्वतः करतो, त्यामुळे ते फारसं मंदावत नाही. कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन आणि हॅश (फाइलच्या मजकुराचा ठसा) काढणं ही कामं भाषांतरातून जातात आणि रखडतात. आमच्या ऑफिसातला पहिला पूर्ण बॅकअप रात्री अकराला लावला होता. सकाळी चहा आला तरी चालूच. म्हणून पहिला बॅकअप शनिवारी रात्री लावा आणि कॉम्प्रेशन खालच्या पायरीवर ठेवा. नंतर रोज फक्त बदललेल्या फाइल जातात, त्याचा त्रास होत नाही.

अख्ख्या डिस्कची इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा स्वतःचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलच्या आत बसणारा तुकडा, लागतं. तिथे हा दुभाष्या चालत नाही, कारण कर्नल आर्मचा आणि मॉड्यूल इंटेलचं. अशा कामाला आम्ही सरळ नाही म्हणतो. सर्व्हरच्या कर्नलचं मेमरी पेज (मेमरी वाटून देण्याचा तुकडा) ६४ केबीचं असेल तरीही आधी विचारा. इंटेलचे प्रोग्राम ४ केबी गृहीत धरतात आणि मध्येच कोसळू शकतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रीस्टार्ट. इंटेलच्या फाइल क्यूईएमयूकडे द्यायच्या, ही बिनएफएमटी-मिस्कमधली नोंदणी फक्त मेमरीत असते. सर्व्हर उठताना ती परत झाली नाही, तर रात्रीचा बॅकअप सुरूच होत नाही. मेल पाठवणारा प्रोग्रामही तोच, त्यामुळे ‘फेल’चा मेलसुद्धा येत नाही. आम्ही नोंदणी बूटच्या वेळी आपोआप होईल अशी लावतो आणि बॅकअपवर नजर ठेवायला वेगळी, आर्मवर थेट चालणारी स्क्रिप्ट बसवतो. तिचा मेल सकाळी आला नाही तर आम्हाला फोन करा.

बनवणारी कंपनी अशा मांडणीला सपोर्ट देणार नाही, हे धरून चाला. काही अडलं तर लॉग आमच्याकडे पाठवा.

बॅकअपमधला डेटा मात्र प्रोसेसरशी बांधलेला नसतो. तेच सॉफ्टवेअर साध्या इंटेल लॅपटॉपवर टाकून फाइल परत मिळवता येतात. काम सोपवताना आम्ही तुमच्यासमोर हेच करून दाखवतो: तुम्ही सांगाल ती फाइल, तुमच्याच लॅपटॉपवर. ती उघडली की मगच सही करा. लॅपटॉप आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड त्या दिवशी हाताशी ठेवा. पासवर्ड हरवला तर आमच्याकडेही इलाज नाही.