ती 'उष्णता' नाही हो, साखर आहे!
मागच्या आठवड्यात मेडिकलमध्ये उभा होतो. शेजारी पन्नाशीचे एक काका गर्दी पांगेपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, "खाली उष्णता झालीय, मलम द्या." काउंटरवरच्या मुलाने काही न विचारता ट्यूब काढून दिली. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकात. मला राहवेना, बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, "काका, शुगर तपासलीय का कधी?" तर म्हणाले, "खाज कुठे, शुगर कुठे!"

लिंगाच्या टोकाला आणि त्यावरच्या कातडीला सूज येते त्याला डॉक्टर बॅलनायटिस म्हणतात. लाली, खाज, लघवी करताना चुरचुर, कातडीखाली पांढरा थर, कातडीच्या कडेला बारीक चिरा. कारणं बरीच आहेत, साबणाने घासघासून धुणं, बॅक्टेरिया, एखाद्या गोळीची ॲलर्जी, सोरायसिससारखे त्वचारोग, संबंधांतून येणारे आजार, पण इन्फेक्शन असेल तर बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाची बुरशी सापडते. ती एरवीही आपल्या अंगावर, आतड्यात गुपचूप राहत असते. मग अचानक माजते कशी? तर तिला खायला मिळतं म्हणून.

आता किडनीकडे या, मला तर हे यंत्र आठवलं की थक्क व्हायला होतं. दिवसाला साधारण 180 लिटर पाणी ती रक्तातून गाळते, आणि एका लिटरमागे 1 ग्रॅम साखर धरली तर 180 ग्रॅम साखर गाळणीतून खाली येते, म्हणजे पाव किलोला जरा कमी! तरी निरोगी माणसाच्या लघवीत साखर जवळपास नसते, कारण गाळणीच्या पुढच्या नळीत एसजीएलटी2 नावाची प्रथिनं हमालासारखी बसलेली असतात. सोडियमचा कण आत शिरताना साखरेचा एक कण सोबत ओढून घेतात. 90 टक्के साखर हेच उचलतात, उरलेली पुढे त्यांचा भाऊ एसजीएलटी1. पण हमालांनाही मर्यादा आहे, सगळे मिळून मिनिटाला साधारण 375 मिलीग्राम, आणि सगळ्या नळ्यांची ताकद सारखी नसल्याने काही आधीच हात टेकतात, म्हणून रक्तातली साखर 180 च्या (मिलीग्राम प्रति डेसिलिटर, रिपोर्टवर असतो तो आकडा) वर गेली की लघवीत सांडायला लागते. जुनी माणसं म्हणायची ना, लघवीला मुंग्या लागतात, ते हेच. त्या गोड लघवीचा शेवटचा थेंब कातडीखाली अडकतो, तिथे ऊब आणि ओल असतेच, बुरशीची चंगळ!

गंमत म्हणजे डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या याच हमालांना मुद्दाम सुट्टी देतात, साखर लघवीवाटे जावी म्हणून. हृदयाला आणि किडनीलाही त्या चांगल्या, पण त्या घेणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो. तसं झालं तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, एक-दोन आठवडे, बहुतेकांना पुरतं. बायकोला खाज किंवा पांढरं जात असेल तर तिचीही तपासणी करून घ्या, नाहीतर पुन्हा पुन्हा होत राहतं. आणि ती तीन-इन-वन ट्यूब मनाने लावूच नका. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, पण तिथली नाजूक कातडी पातळ होते आणि बुरशी आत फोफावते. रेल्वेलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवून ठेवणाऱ्यांकडे तर अजिबात जाऊ नका. आपली माणसं लाजतात, त्याच लाजेवर त्यांचा धंदा चालतो. सब्जा-गुलकंद खायचा तर खुशाल खा, बुरशी त्याने जात नाही, आणि डायबेटिस असेल तर गुलकंदातली साखर महागात पडेल.

रोज कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा, अँटिसेप्टिक नको, मग नीट कोरडं करा, तेवढ्या ओलीनेही फरक पडतो. लघवीनंतर शेवटचा थेंब टिपून घ्या. लहान मुलांची कातडी मात्र जोर लावून मागे ओढू नका, ती वयाप्रमाणे आपोआप सुटते. मोठेपणी चिरा पडून पडून कातडी मागेच जाईना झाली, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर सर्जनला किंवा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, क्वचित तिथे कॅन्सरही असतो.

काकांचा परवा फोन आला होता. उपाशीपोटी शुगर 260 निघाली.