कॅमेरा घ्यायला येताना जुने फोटो घेऊन या

‘एखादा चांगला कॅमेरा दाखवा’ असं म्हणत कोणी आलं की आम्ही लगेच कॅमेरा काढत नाही. आधी त्यांचाच मोबाइल बघायला मागतो. गेल्या काही महिन्यांतले शे-दोनशे फोटो भराभर सरकवले की खरी गरज कळते. कुणाच्या गॅलरीत संध्याकाळी घरात पळणारी मुलं असतात आणि प्रत्येक फोटोत मुलाचा हात म्हणजे एक पुसट फराटा. कुणाच्या फोटोत आकाशाच्या मधोमध काळा ठिपका असतो आणि ‘ही घार आहे’ असं तोंडाने सांगावं लागतं. कुणाचे डोंगर, ढग, इमारती मोबाइलवरच झकास आलेले असतात. या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी लागतात. तिसऱ्याला तर बहुधा काहीच लागत नाही, आणि आम्ही तसं सांगतोही.

हे पत्रक हौसेने फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की तुमचा फोटो कुठे अडतोय ते आधी शोधा. मग त्यावरची लेन्स ठरवा आणि शेवटी ती लेन्स बसेल अशी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने येतात.

दिव्याच्या उजेडात पळणारं मूल

हे जरा सावकाश बघू, कारण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी इथेच येऊन मिळतात.

कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स बहुतेकदा १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ अशी असते. मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ; तो जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. एफचा आकडा म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, अर्थात अपर्चर, किती उघडतं ते. १८ वर ती एफ/३.५ पर्यंत उघडते, पण ५५ वर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. समजा घरातल्या दिव्यात आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ३२०० ठेवून तुम्हाला शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/३० सेकंद मिळतंय. तेवढ्या वेळात पळणाऱ्या मुलाचा हात सहज चार बोटं सरकतो. आता त्याच बॉडीवर ५० मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची लेन्स लावा. प्रकाश नऊपटींहून जास्त आत येतो, शटर १/२५० वर जातं आणि हात जागच्या जागी थांबतो. बॉडी तीच, दिवा तोच.

यात जादू काही नाही. फोकल लेंथला भोकाच्या व्यासाने भागलं की एफचा आकडा मिळतो. ५५ भागिले ५.६ म्हणजे जेमतेम १० मिमीचं भोक, शर्टाच्या बटणाएवढं. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिमी, कोटाचं मोठं बटण. म्हणून हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. हे उलटं गणित पहिल्यांदा सगळ्यांनाच चकवतं.

‘पण माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन आहे की!’ असं आम्हाला हमखास ऐकायला मिळतं. आहे, आणि ते उपयोगीही आहे. पण ते तुमच्या हाताची थरथर खाऊन टाकतं. पळणाऱ्या मुलाला ते थांबवू शकत नाही. मागचं कपाट अगदी ठसठशीत आणि मूल मात्र धुरासारखं, असा फोटो आला तर दोष हाताचा नाही, शटरचा आहे.

एफ/१.८ चा तोटाही सांगतो. जवळून चेहरा टिपला की डोळा धारदार येतो आणि कान पुसट. दोन मुलं मागेपुढे बसली असतील तर एकच जण फोकसमध्ये राहतो. तिथे एफ/४ वर यावं लागतं. आणि प्राइमला झूम नसतो. पुढे-मागे व्हायचं ते आपल्याच पायांनी.

कोणती फोकल लेंथ? तुमच्याच फोटोंना विचारा

कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत फोकल लेंथ, शटर, आयएसओ यांची नोंद असते. ज्यांच्याकडे आधीच किट लेन्स आहे आणि दुसरी घ्यायची आहे, त्यांनी संगणकावर वर्षभराचे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून बघावेत. बहुतेकांचे फोटो दोन टोकांना साचलेले दिसतात, १८ वर एक ढीग आणि ५५ वर दुसरा. मधलं मैदान मोकळंच. ५५ वरचा ढीग मोठा असेल तर टेलीची, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सची गरज असू शकते. ‘असू शकते’ म्हणतो, कारण त्यातल्या निम्म्या फोटोंना चार पावलं पुढे जाणं पुरलं असतं.

प्राइम घेण्याआधी एक बिनखर्चाचा प्रयोग करा. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर आणा, वर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि आठवडाभर काढू नका. चिडचिड झाली तर ३५ ची प्राइम तुमची नाही. पट्टी काढायची आठवणच राहिली नाही, तर तुमची लेन्स ठरली.

फोकल लेंथचा आकडा सेन्सरनुसार, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपच्या मापानुसार वेगळा वागतो, तेही सांगायला हवं. फुल फ्रेम, एपीएस-सी, मायक्रो फोर थर्ड्स ही मोठ्याकडून लहानाकडे जाणाऱ्या मापांची नावं. ५० मिमी लेन्स फुल फ्रेमवर जे दाखवते त्याचा मधलाच भाग एपीएस-सी सेन्सर टिपतो. त्यामुळे दृश्य ७५ मिमी लेन्ससारखं दिसतं, कॅननच्या एपीएस-सीवर ८० सारखं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखं. एपीएस-सीवर ‘सगळ्यांनी घ्यावी अशी ५०’ म्हणून जी लेन्स सुचवली जाते, ती घरातल्या लहान खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही अपुरी पडते. खोलीत वापरायची असेल तर तिथे ३५ बरी.

पक्षी म्हणजे फक्त अंतराचं गणित

वीस सेंटिमीटरचा पक्षी २० मीटरवर बसला आहे. ३०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते ३ मिमीची. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी, म्हणजे पक्ष्याने फोटोच्या रुंदीचा आठवा हिस्सा व्यापला. किट लेन्सच्या ५५ वर हीच प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणूनच तो ठिपका. ६०० मिमी घेतली तर प्रतिमा ६ मिमी होते. पण ३०० मिमी घेऊन दबक्या पावलांनी १० मीटरपर्यंत पोचलात, तरीही ती ६ मिमीच होते. आम्ही लेन्स विकतो, तरी हे सांगतो. दूरच्या पक्ष्यात हवेची थरथरही फोटोत येते, आणि ती कुठल्याच लेन्सने जात नाही.

फांदीवर बसलेल्या पक्ष्याला निदान १/५००, उडणाऱ्याला १/२००० च्या आसपास शटर लागतं. त्यामुळे पक्ष्यांसाठी कॅमेरा बघताना मेगापिक्सेलपेक्षा ऑटोफोकस हलत्या पक्ष्याला किती चिकटून राहतो ते बघा.

सेन्सर आणि मेगापिक्सेल

फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४ मिमी. हे माप जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीचं. सिनेमाच्या फिल्मवरची चौकट दुप्पट करून ऑस्कर बार्नाक यांनी ती छोट्या कॅमेऱ्यात आणली आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. ‘फुल’ या शब्दामुळे बाकीचे सेन्सर उगाच अर्धवट वाटतात. एपीएस-सी साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ गुणिले १३ मिमी. ‘एक इंची’ म्हणतात त्या सेन्सरची तर कुठलीच बाजू इंचभर नसते, तो १३.२ गुणिले ८.८ मिमीचा असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चिकटलंय.

सेन्सर मोठा असला की अंधारात फोटो स्वच्छ येतो, पण लेन्सही मोठी आणि जड होते. जड कॅमेरा घरी राहतो. डोंगर चढायला जाणाऱ्यांना आम्ही फुल फ्रेम सहसा सुचवत नाही.

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. ए४ आकाराच्या उत्तम छपाईला, इंचाला ३०० ठिपके धरून, ९ मेगापिक्सेलही लागत नाहीत. फोर-के पडदा साडेआठच्या आतच संपतो. २४ चे ४५ केले तर लांबी ६००० वरून जेमतेम ८२५० वर जाते. फोटो कापून वापरायची सवय असेल, पक्षी टिपत असाल, तर तेवढाही फरक कामाचा. एरवी हार्ड डिस्क लवकर भरते, एवढंच.

माउंट: इथे चूक झाली की महागात पडते

बॉडी दर चार-पाच वर्षांनी बदलते, लेन्स वीस वर्षं राहतात. म्हणून माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती कडी, निवडणं हा खरा निर्णय.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. दोन्ही आतमध्ये आरसा असलेल्या (एसएलआर, पुढे डीएसएलआर) कॅमेऱ्यांसाठी होते. २०१८ मध्ये दोघांनी मिररलेससाठी, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ. आरसा गेला, तशी लेन्स सेन्सरच्या जवळ आली. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं निकॉनचं अंतर ४६.५ मिमीवरून १६ वर, कॅननचं ४४ वरून २० वर. ही मोकळी झालेली जागा ॲडाप्टरने भरता येते, म्हणून जुनी डीएसएलआर लेन्स नव्या मिररलेसवर चालते. उलटं जमत नाही. नवी झेड किंवा आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर कुठल्याही ॲडाप्टरने नीट चालणार नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

तीन खाचखळगे वापरलेलं सामान घेणाऱ्यांना वारंवार पाडतात. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये फोकसची स्वतःची मोटर नसते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीतही ती नाही. त्यामुळे त्या जोडीत ऑटोफोकस मिळत नाही, हाताने फिरवा. एफ लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडाप्टरवरही या लेन्सची तीच गत. आणि कॅननच्या ईओएस एम मालिकेचा माउंट ईएफ-एम; त्याच्या लेन्स आरएफवर बसत नाहीत आणि ती मालिका आता बंद आहे. कॅमेरा छोटा, गोंडस, स्वस्तात मिळतो. पण पुढचा रस्ता नाही हे कळून घ्या.

वापरलेली लेन्स: टॉर्च घेऊन जा

वापरलेलं घेण्यात काही कमीपणा नाही. हौशी माणसाने लेन्स तर वापरलेलीच बघावी, असं आमचं मत आहे. फक्त बघायची कशी ते शिका.

दोन्ही बाजूंची झाकणं काढा आणि अपर्चर पूर्ण उघडा. जुन्या लेन्सना त्यासाठी रिंग किंवा मागे छोटी दांडी असते. आता मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि समोरून आत बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका. नव्या लेन्समध्येही असतात आणि फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. काचेवर दुधाळ पडदा असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिकट येईल. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर ती पाती अडकणार. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स कोणीतरी उघडली आहे. का उघडली ते विचारा.

आम्हीही एकदा फसलोय. संध्याकाळी घाईत, ट्यूबलाइटच्या उजेडात एक टेली घेतली. समोरची काच आरशासारखी होती. सकाळी टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कडेकडेने नक्षी. तेव्हापासून टॉर्चशिवाय व्यवहार नाही.

बॉडीचा शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं ते विचारा. साधारण १ ते २ लाख ‘क्लिक’ इतकं आयुष्य उत्पादक सांगतात, मॉडेलप्रमाणे कमी-जास्त. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंनी यांत्रिक शटर झिजत नाही, म्हणून नुसत्या आकड्याला भुलू नका. मग एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. फुंकर-पंपाने किंवा सफाईने बहुतेक वेळा जाते. ओरखडा जात नाही. बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा. ती डुगडुगली तर फुगलेली आहे.

घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. रंगीत सिलिका जेल ओलं झालं की रंग बदलतं. ते सुकवायचं असतं, हे मात्र बरेच जण विसरतात.

उरलेलं सुरलेलं

दुसरी बॅटरी घ्या, मिररलेससाठी तर नक्कीच. कार्डावर ‘व्ही३०’ असेल तर सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते. हौशी व्हिडिओला सहसा पुरतं. लेन्स वाचवायला यूव्ही फिल्टर मागणाऱ्यांना आम्ही हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी पुढे आलेली कड, देतो. तो धक्काही खातो आणि तिरका उजेडही अडवतो. तरी फिल्टर हवाच असेल तर लेन्सच्या तोंडावर गोलाला तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढचा आकडा बघून या, ४९, ५२, ६७ असा काहीतरी असतो. तो फोकल लेंथ नाही.

बॉडी हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. धरतानाही तुमची नेहमीची लेन्स लावूनच धरा. करंगळी ग्रिपखाली लटकते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

नवी असो वा जुनी, लेन्स घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीवर ताठ चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाच्या बरोबर समोर, भिंतीला समांतर ठेवा. अपर्चर पूर्ण उघडं, दोन सेकंदांचा टायमर. फोटो संगणकावर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असतील तर ते चालायचंच. अपर्चर दोन पायऱ्या लहान केलं की सुधारतं. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच पुसट असेल, तर कॅमेरा काढून परत नीट समांतर लावा आणि पुन्हा काढा. तोच कोपरा पुन्हा पुसट आला तर आतली एखादी काच तिरकी बसलेली आहे. ती लेन्स डब्यासकट, बिलासकट आणि ते दोन्ही फोटो घेऊन आमच्याकडे या.