सूर शब्दाचा, सुरावट वाक्याची

"आलास." आणि "आलास?" दोन्हीकडे शब्द एकच. दुसऱ्यांदा शेवटी आवाज वर गेला, एवढाच फरक. त्या चढामुळे 'येणे' या क्रियापदाचा अर्थ बदलला नाही, विधानाचा प्रश्न झाला.

आता पंजाबी ऐका. 'कोडा' सपाट आवाजात म्हटलं तर चाबूक, आवाज वर नेऊन म्हटलं तर कुष्ठरोगी आणि खाली दाबून म्हटलं तर घोडा. इथे वाक्याचा रोख तोच राहतो, पण शब्दच वेगळा होतो.

पहिल्याला सुरावट म्हणू, दुसऱ्याला सूर. कानाला दोन्हीकडे आवाजाचा चढउतारच ऐकू येतो, म्हणून गल्लत होते. "चिनी लोक गात बोलतात" असं आपण म्हणतो तेव्हा ती झालेली असते. आवाज तर आपणही दिवसभर वरखाली करतो. पण मराठीत एखादा शब्द केवळ उंच म्हटल्याने वेगळा शब्द होत नाही. मराठीला सुरावट आहे, शब्दाचा सूर नाही.

पंजाबीत तो कुठून आला, हे मराठी माणसाला चटकन कळावं, कारण त्याचं मूळ आपल्या तोंडात अजून शाबूत आहे. आपण 'घोडा' म्हणताना घ चा घोष, म्हणजे घशातला कंप, आणि त्यातला हकार दोन्ही उच्चारतो. पंजाबीत शब्दारंभीच्या घ चं हे दोन्ही गेलं, उरला क, आणि गेलेल्याची खूण म्हणून आवाज खाली उतरला. नामदेवांच्या वास्तव्याने ओळखलं जाणारं घुमाण, जिथे 2015 साली 88वं मराठी साहित्य संमेलन भरलं, गुरुमुखीत घ नेच लिहितात. पंजाबी उच्चारात मात्र सुरुवातीला क ऐकू येतो, खालच्या सुरासह. सुरासाठी गुरुमुखीला वेगळी खूण लागत नाही. घ, झ, ढ, ध, भ आणि ह हीच अक्षरं ते काम करतात.

मग हा सूर नेमका राहतो कुठे? नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले या भाषाशास्त्रज्ञांच्या 1968च्या 'द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश' या ग्रंथातल्या मांडणीत प्रत्येक ध्वनी म्हणजे गुणधर्मांची एक जुडी, आणि जुड्या एकामागे एक ओळीने उभ्या. त्या चौकटीत सूर हा स्वराच्या जुडीतला एक गुणधर्म ठरतो. म्हणजे स्वर गळाला की सूरही त्याच्याबरोबर गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो जात नाही.

नायजेरियातल्या एत्साको भाषेत 'ओवा' म्हणजे घर. त्यातला 'ओ' उंच, 'वा' खाली. 'प्रत्येक घर' म्हणायचं तर शब्द दोनदा घेतात: ओवा ओवा. बोलताना पहिल्या 'ओवा'चा शेवटचा 'आ' गळतो आणि 'ओवोवा' होतं. 'आ' गेला, पण त्याचा खालचा सूर मागे राहिला. तो शेजारच्या 'ओ'ला जाऊन बिलगला. त्या 'ओ'कडे स्वतःचा उंच सूर होताच, म्हणून मधला 'ओ' आता खालून वर चढत जातो.

असंच काहीसं वैदिक संस्कृतात घडतं. 'नदी'मधला ई उदात्त, म्हणजे उंच. पुढे 'अस्' प्रत्यय लागला की ई चा य होतो. य ला सूर पेलता येत नाही. तेव्हा तो उदात्त पुढच्या अनुदात्त, म्हणजे खालच्या, 'अ'वर येतो आणि 'नद्यः' शेवटी स्वरित, म्हणजे उतरतं, होतं. पाणिनीने याला स्वतंत्र सूत्र दिलं आहे (अष्टाध्यायी 8.2.4). त्याची स्वरिताची व्याख्याही लक्ष देण्याजोगी आहे: 'समाहारः स्वरितः'. म्हणजे स्वरित हा तिसरा मूळ सूर नव्हे, उदात्त आणि अनुदात्त यांचा एकत्र मेळ. पाणिनीकडे आजचा सिद्धांत तयार होता असा दावा मला करायचा नाही. पण उतरता सूर दोन साध्या सुरांचा बनतो ही दृष्टी त्याच्याकडे स्पष्ट होती, आणि ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो.

जॉन गोल्डस्मिथ यांनी 1976 साली एमआयटीतल्या प्रबंधात मांडलेली ऑटोसेग्मेंटल फोनॉलॉजी याच दृष्टीला पूर्ण चौकट देते. सूर एका पदरावर, स्वर-व्यंजनं दुसऱ्या पदरावर, आणि दोन्हींना जोडणाऱ्या रेषा. रेषा एकमेकींना छेदत नाहीत. एका स्वराला दोन सूर जोडता येतात, एक सूर अनेक स्वरांवर पसरतो, आणि एका पदरावरचं काही गळलं तरी दुसरा पदर टिकतो.

त्याआधी विल्यम लेबन यांनी 1973 साली सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेबद्दल दाखवलेली गोष्ट या चौकटीत फार सुंदर बसते. मेंडेत उंच-नीच अशी एक चाल आहे. 'म्बू' (घुबड) या एकाक्षरी शब्दात ती एकाच स्वरावर उतरते. 'ङ्गिला' (कुत्रा) मध्ये पहिलं अक्षर उंच, दुसरं खाली. 'फेलामा' (रस्त्यांचा फाटा) मध्ये पहिलं उंच, उरलेली दोन खाली. चाल एकच, शब्दाच्या लांबीप्रमाणे ताणली किंवा आवळली जाते. सगळे मेंडे शब्द अशा मोजक्या चालींत बसत नाहीत, पण बरेच बसतात.

आणि इथेच मूळ गल्लत परत येते, कारण सुरावटही अशीच वागते. इंग्रजीत लांबून 'जॉनी!' अशी हाक मारतात, तेव्हा आघाताच्या, म्हणजे जोर दिलेल्या, अक्षरावर आवाज उंच आणि शेवटी मधल्या पट्टीत येतो. नाव नुसतं 'जॉन' असलं तर ते एकच अक्षर लांबवून त्यात दोन्ही पट्ट्या बसवतात. मेंडेतल्या घुबडासारखंच! जॅनेट पिएरहम्बर्ट यांनी 1980 साली इंग्रजीची सगळी सुरावट फक्त उंच आणि नीच या दोन सुरांतून उभी केली. म्हणजे माल एकच, पदरही एकच.

फरक आहे तो खुंटीचा. शब्दाचा सूर शब्दकोशातून येतो आणि त्या शब्दाच्या अक्षरांना बांधलेला असतो. सुरावट बोलण्याच्या प्रसंगातून येते आणि वाक्यातल्या आघाताच्या अक्षरांना व वाक्यखंडाच्या कडांना बांधली जाते. मधल्या अक्षरांना स्वतःचा सूर नसतो, आवाज एका खुंटीवरून दुसरीकडे नुसता सरकत जातो. कडेला काय बांधायचं हे प्रत्येक भाषा ठरवते. मराठीतला 'आलास?' शेवटी चढतो, तर बंगालीतला हो-नाही प्रश्न शेवटी चढून पुन्हा उतरतो. टोकियोची जपानी यांच्या मधे कुठेतरी आहे. तिथे आवाज कुठे पडतो एवढंच शब्द ठरवतो. 'हाशी' पहिल्या अक्षरानंतर पडला तर जेवणाच्या काड्या, दुसऱ्यानंतर पडला तर पूल, पडलाच नाही तर कड.

दोन्ही एकाच अक्षरावर आले तर? मँडरिनमध्ये 'माइ' चौथ्या, पडत्या सुरात म्हणजे विकणे, तिसऱ्या सुरात विकत घेणे आणि दुसऱ्या, चढत्या सुरात जमिनीत पुरणे. मराठी माणूस "विकतोस?" असं विचारताना सवयीने शेवट चढवतो, आणि ऐकणाऱ्याला 'पुरतोस' ऐकू येऊ शकतं. चिनी माणूस प्रश्नासाठी सूररहित 'मा' हा शब्द शेवटी जोडतो, किंवा आवाजाची सगळी पट्टीच वर उचलतो. 'माइ' तरीही पडतोच, फक्त अधिक उंचावरून.