प्रोब बंद नाही, मध्ये हवा आहे
(आयसीयूतील डॉक्टर व सिस्टरांसाठी माहितीपत्रक)

श्वासाची नळी घातलेल्या पेशंटची जीभ सुजली आहे का, हे सोनोग्राफीवर पाहायला घेतले आणि स्क्रीन काळी दिसली, की मशीनची देखभाल करणाऱ्या आम्हाला फोन येतो : "प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) गेला, इंजिनिअर पाठवा." इंजिनिअर पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोब ठणठणीत असतो.

आयसीयूत प्रोबला कव्हर घालता, ते योग्यच. पण जेल फक्त हनुवटीखाली लावले जाते, कव्हरच्या आत लावायचे राहून जाते. ध्वनिलहरींना हवा ओलांडता येत नाही. प्रोब आणि कव्हर यांच्यात कागदाएवढी फट राहिली तरी चित्र जाते. म्हणून आधी प्रोबच्या तोंडावर भरपूर जेल, मग कव्हर. बोटाने दाबून बुडबुडे कडेला सारा, रबरबँड लावा आणि मग बाहेरून जेल. दाढीचे खुंट असतील तर दुप्पट घ्या, त्यांच्या मुळाशी हवा अडकते.

तरीही काळेच दिसले तर कव्हर काढा, प्रोबवर थोडे जेल घ्या आणि कागद अडकवायच्या यू-पिनेची गोल कड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अलगद सरकवा. स्क्रीनवर पांढरा पट्टा पिनेबरोबर सरकत गेला तर प्रोब चालू आहे. ठरावीक जागी तो तुटत असेल तर तेवढा भाग निकामी झाला असण्याची शक्यता आहे. मग आम्हाला जरूर बोलवा. फोनवर आम्ही आधी ही चाचणी करायला सांगतो, पेशंटचे नाव झाकून स्क्रीनचा फोटो मागतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण त्यात तुमचे व्हिजिट चार्जेस वाचतात आणि पेशंटची तपासणी खोळंबत नाही.

सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत नळी घालताना) जोडलेला लिनिअर म्हणजे सरळ तोंडाचा प्रोब इथे उपयोगाचा नाही, तो उथळच पाहतो. पोटाचा वक्र प्रोब घ्या, डेप्थ 8 ते 10 सेंमी. हनुवटीखाली मधोमध उभा धरा. एका बाजूला जबड्याची सावली, दुसऱ्या बाजूला हायॉइडची (जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडाची), मध्ये जीभ. वरची ठळक पांढरी वक्र रेघ म्हणजे जिभेचा पृष्ठभाग. त्वचेपासून तिथपर्यंत मोजा. प्रोब दाबू नका, दाबला की आकडा कमी येतो. डोक्याची ठेवणही दर वेळी तीच हवी.

जिभेच्या जाडीचा 6.1 सेंमी हा आकडा बरेच जण विचारतात. तो 2017 मधल्या एका अभ्यासातला, नळी घालणे अवघड जाईल का हे भूल देण्याआधी ओळखण्यासाठीचा. नळी असलेल्या पेशंटला तो लावू नका. त्याच पेशंटचे पहिल्या दिवसाचे माप चार्टवर लिहा आणि नंतरची मापे त्याच्याशी ताडून पाहा. बराच वेळ पालथे ठेवलेले, मेंदूच्या मागच्या भागाची लांबलेली शस्त्रक्रिया झालेले, किंवा रक्तदाबाच्या 'प्रिल' गटातल्या गोळ्यांनी सूज आलेले पेशंट असतील तर हे माप विसरू नका. कफ लीक टेस्ट (नळीचा फुगा रिकामा करून कडेने हवा निसटते का पाहणे) स्वरयंत्राजवळच्या सुजेचा अंदाज देते, जिभेचा नाही. अर्थात नळी कधी काढायची, हा निर्णय डॉक्टरांचाच.

"दुरुस्तीपर्यंत रात्रीपुरते दुसरे मशीन द्या," असाही आग्रह होतो. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्यानुसार मशीनची नोंद तुमच्या केंद्राच्या नावावर लागते, त्यामुळे नोंद नसलेले मशीन आम्ही ठेवून जात नाही, कितीही जुने ग्राहक असले तरी.

आमच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) आयसीयूच्या स्टाफसाठी बेडजवळचे प्रात्यक्षिक धरलेले आहे, नवीन सिस्टर आल्या की पुन्हा मागून घ्या. कव्हरसोबत आत लावायच्या जेलची पुडीही आम्ही देतो. प्रोब स्पिरिटने पुसण्याआधी कंपनीचे मॅन्युअल पाहा. बऱ्याच प्रोबचे रबर स्पिरिटने कडक होऊन तडकते, आणि तो खर्च एएमसीत येत नाही.